रस्ता कोणाचा, तारा कोणाच्या? : शोनाऊ या जर्मन गावाची हकीकत



परदेशाविषयीचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा मोठमोठ्या शहरांची असते. जर्मनी म्हटली की बर्लिन, म्युनिक, हाम्बुर्ग. आज मात्र मी आपणांस ज्या गावी नेणार आहे, त्याचे नाव जर्मनीतल्याही पुष्कळांना काही वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. त्या गावाचे नाव शोनाऊ. लोकवस्ती अडीच हजारांच्या आत. दप्तरी ते ‘शहर’ म्हणून नोंदलेले आहे. पण एक बाजारचौक, एक नदी, भोवती डोंगर आणि डोंगरांवर चरणारी गुरे, असे ते दिसायला गावच आहे. म्हणून मीही त्याला गावच म्हणेन.

या गावाने एक गोष्ट केली. आपल्या रस्त्यांवरून जाणाऱ्या विजेच्या तारा त्याने एका बलाढ्य कंपनीच्या हातून विकत घेतल्या आणि गावकऱ्यांच्या मालकीच्या केल्या. एका वाक्यात सांगून संपणारी ही हकीकत घडायला मात्र अकरा वर्षे लागली. या अकरा वर्षांत गावाने दोनदा सार्वमत घेतले, सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि अखेर थोड्याच मतांनी निकाल लागला. हे सारे कसे घडले आणि एवढ्याशा गावाच्या हातात एवढे बळ आले कोठून, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम गावाची ओळख करून घेऊ. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, जेथे फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांच्या सीमा येऊन भिडतात, तेथे श्वार्त्सवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. या नावाचा अर्थ ‘काळे अरण्य’. त्याच्या दक्षिण टोकाला फेल्डबेर्गच्या शिखराजवळ वीझे नावाची नदी उगम पावते आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटर वाहत जाऊन बाझेल शहराजवळ ऱ्हाइन नदीला मिळते. या नदीच्या वरच्या खोऱ्यात, बेल्खेन नावाच्या १,४१४ मीटर उंचीच्या डोंगराच्या पायथ्याशी शोनाऊ वसले आहे. राज्य बाडेन-व्युर्टेम्बेर्ग, जिल्हा ल्योराख.

मुलूख देखणा, पण शेतीला कठीण. उतार इतके उभे की नांगर धरणे मुश्कील. म्हणून येथील माणूस पूर्वीपासून गुरांवर, लाकडावर आणि कारागिरीवर जगत आला. मध्ययुगात या डोंगरांत चांदीच्या खाणी होत्या. सांक्ट ब्लाझिएन या बेनेडिक्टाइन मठाची येथे शतकानुशतके सत्ता होती. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी संपली आणि मुलूख बाडेनच्या राज्यात गेला. पुढे नदीच्या पाण्यावर कापडाच्या गिरण्या चालू लागल्या. १८८९ साली झेल या गावापासून टोटनाऊपर्यंत एक अरुंद रुळांची आगगाडी शोनाऊवरून धावू लागली. १९६७ मध्ये ती बंद पडली आणि पुढे रुळही निघाले.

येथील गुरांची जात वेगळी आहे. तिला ‘हिंटरवेल्डर’ म्हणतात. ही गाय अंगाने लहान, चपळ आणि चढउताराला सरावलेली असते. ही गुरे ज्या डोंगरउतारांवर चरतात त्यांची मालकी कोणाची, हे आपण लक्षात ठेवावे असे मी सुचवीन. हे उतार पुष्कळ ठिकाणी कोणा एकाचे नाहीत. ते गावाचे आहेत. जर्मन भाषेत अशा जमिनीला ‘आल्मेंडे’ म्हणतात. आपला गायरान हा शब्द तिला अगदी चपखल बसतो. युरोपात बहुतेक ठिकाणी अशी गायराने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत वाटून टाकली गेली. दक्षिण श्वार्त्सवाल्डमध्ये मात्र ती मोठ्या प्रमाणावर टिकली. कुरण सामायिक, कुंपणाची दुरुस्ती सामायिक, झुडपे तोडण्याचे काम सामायिक. २०१६ साली या मुलखाला संरक्षित जीवावरणाचा दर्जा मिळाला आणि पुढल्याच वर्षी युनेस्कोनेही त्याला मान्यता दिली. त्यामागे ही गायराने हे एक मोठे कारण होते. त्या क्षेत्राची कचेरीही शोनाऊलाच आहे.

आता या गावाचा कारभार पाहू. जर्मनीत स्थानिक स्वराज्याच्या सर्वांत खालच्या एककाला ‘गेमाइंडे’ म्हणतात. शोनाऊ आणि शेजारची आठ खेडी मिळून नऊ गेमाइंडे आहेत. कारकुनी कामापुरता त्यांनी एक संघ केला आहे, पण प्रत्येकीचे कौन्सिल वेगळे आणि अध्यक्ष वेगळा. त्यांतले ब्योलेन नावाचे खेडे शंभरेक माणसांचे आहे. लोकसंख्येने ते सबंध राज्यातले सर्वांत लहान गेमाइंडे. तरीही त्याला स्वतःचे कौन्सिल आहे. या राज्यात नगराध्यक्ष थेट मतदारांकडून आठ वर्षांसाठी निवडला जातो आणि कौन्सिल पाच वर्षांसाठी. शिवाय १९५६ पासून येथे एक विशेष तरतूद आहे. कौन्सिलचा एखादा निर्णय पटला नाही तर ठरावीक संख्येने सह्या गोळा करून नागरिक तो प्रश्न साऱ्या गावाच्या मताला टाकू शकतात. तीसपस्तीस वर्षे जर्मनीत ही सोय दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हती.

हे स्वराज्य मात्र अखंड चालत आलेले नाही. याच शोनाऊत १८९४ साली आल्बेर्ट लेओ श्लागेटर नावाचा एक इसम जन्मला. रूर प्रांत फ्रेंच फौजांच्या ताब्यात असताना त्याने घातपात केले आणि १९२३ साली फ्रेंचांनी त्याला गोळ्या घातल्या. नात्सी पक्षाने त्याला हुतात्मा केले आणि त्याच्या नावाचा अमाप गाजावाजा केला. एका गावाचे नाव असे एका हुकूमशाहीच्या कामी आले. त्याच हुकूमशाहीने १९३५ सालच्या जानेवारीत गेमाइंडेसंबंधी नवा कायदा करून गावोगावची निवडून आलेली सत्ता संपविली. अध्यक्ष वरून नेमला जाऊ लागला आणि कौन्सिल केवळ सल्ल्यापुरते उरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विजेसंबंधी आणखी एक कायदा झाला. त्याने वीजपुरवठ्यावर सरकारी देखरेख बसविली आणि मोठ्या कंपन्यांची पकड घट्ट केली. युद्धानंतर, १९४९ च्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने गावांना त्यांचे स्वराज्य परत मिळाले. विजेचा तो कायदा मात्र १९९८ पर्यंत टिकून राहिला. गावाला आपला अध्यक्ष निवडता येत होता, पण आपली वीज निवडता येत नव्हती. आपल्या हकीकतीचे मूळ येथे आहे.

२६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. चारपाच दिवसांत वाऱ्यावरून किरणोत्सारी कण दक्षिण जर्मनीवर आले आणि पावसाबरोबर कुरणांवर, भाजीच्या वाफ्यांवर, मुलांच्या खेळण्याच्या वाळूत उतरले. मुलांना दूध द्यावे की नाही, बाहेर खेळू द्यावे की नाही, हा घरोघरचा प्रश्न झाला. आणि सरकारी उत्तरे एकमेकांशी जुळेनात. केंद्र सरकार म्हणे, दुधात आयोडीनचे किरणोत्सारी प्रमाण लिटरला ५०० बेकेरेलपर्यंत चालेल. हेसेन राज्य म्हणे, २० च्या वर चालणार नाही. एकाच देशातल्या आईने दोहोंपैकी कोणावर विश्वास ठेवावा?

शोनाऊत काही आईबाप एकत्र आले. त्यांत मिखाएल स्लाडेक हे गावातले डॉक्टर होते आणि त्यांच्या पत्नी उर्सुला स्लाडेक होत्या. उर्सुलाबाई शिक्षणाने शिक्षिका, पाच मुलांची आई. या मंडळींनी ‘अणुमुक्त भविष्यासाठी पालक’ अशा अर्थाच्या नावाची एक संस्था काढली. राजकारणाचा यांना अनुभव नव्हता आणि विजेच्या धंद्यातले यांना काहीही कळत नव्हते, हे त्या पुढे मोकळेपणाने सांगत.

मंडळींनी आरंभ मोर्च्याने केला नाही. वीज आपणच वापरतो, तेव्हा आधी आपला वापर कमी करू, असा त्यांनी विचार केला. गावात वीज वाचविण्याच्या स्पर्धा लावल्या, बक्षिसे ठेवली. ‘वॉटकिलर’ नावाचे एक गाणेबजावणीचे पथक काढले आणि हसतखेळत लोकांना वापराचा हिशेब ठेवायला शिकविले. जुनी, बंद पडलेली पाण्यावरची लहान वीजकेंद्रे पुन्हा चालू करण्यासाठी भांडवल जमविले. एकाच यंत्रातून वीज आणि घर तापविण्याची ऊब अशी दोन्ही मिळतात, तशी लहान यंत्रे बसविण्याचा पुरस्कार केला.

पण लवकरच त्यांच्या ध्यानात आले की पुढची वाट अडलेली आहे. शोनाऊला वीज पुरविणारी कंपनी ऱ्हाइनकाठच्या राइनफेल्डनची होती. १८९८ पासून तेथे नदीच्या पाण्यावर वीज निर्माण होत होती, आणि त्या काळी ते युरोपातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक होते. काळाच्या ओघात अणुवीजही तिच्या पुरवठ्यात आली. आकारणीत ठरावीक मासिक रक्कम असल्यामुळे वीज वाचविणाऱ्याला त्या मानाने फायदा थोडा मिळे. मंडळींनी कंपनीला विनंती केली की दर असे लावा, ज्यायोगे काटकसर करणाऱ्याचे भले होईल; आणि लहान केंद्रांच्या विजेला रास्त भाव द्या. कंपनीने ते मानले नाही. तिच्या दृष्टीने ते स्वाभाविकच होते. वीज विकणे हा जिचा धंदा, ती कंपनी वीज कमी विकण्याची योजना कशाला करील?

आता त्या कळीच्या मुद्द्याकडे येऊ. वीज कंपनीच्या मालकीचे सर्व काही होते: केंद्रे, तारा, खांब, मीटर. पण तारा ज्या रस्त्यांखालून किंवा रस्त्यांवरून जातात, ते रस्ते कंपनीचे नव्हते. ते गावाचे होते. म्हणून कंपनीला गावाबरोबर रस्त्याच्या वापराचा करार करावा लागे आणि त्यापोटी दरसाल काही रक्कम भरावी लागे. हा एक प्रकारचा मक्ताच म्हणा. जर्मन कायद्याप्रमाणे असा मक्ता एका वेळी वीस वर्षांपेक्षा जास्त देता येत नाही. वीस वर्षांतून एकदा, एका लहानशा खिडकीएवढा का होईना, पण गावाला विचार करण्याचा अवकाश मिळतो. शोनाऊचा करार १९९४ साली संपावयाचा होता.

असे करार बहुतेक गावी कोणी वाचीत नाही. मुदत संपत आली की कंपनीचा माणूस नवा कागद घेऊन येतो, कौन्सिल हात वर करते आणि आणखी वीस वर्षे जातात. १९९० साली कंपनीने शोनाऊच्या कौन्सिलपुढे प्रस्ताव ठेवला की मुदतीपूर्वीच करार नवा करा, म्हणजे आम्ही गावाला एक लाख मार्क देऊ. लहान गावाच्या तिजोरीला ही रक्कम लहान नव्हती. पालकमंडळींनी कौन्सिलला सांगितले, थांबा, घाई करू नका. एक लाख मार्क आम्हीच गावाला मिळवून देतो. आणि त्यांनी वर्गणीतून तेवढ्या रकमेची हमी उभी केली.

कौन्सिलने तरीही जुलै १९९१ मध्ये बहुमताने कंपनीच्या बाजूने ठराव केला. येथे १९५६ ची ती तरतूद कामास आली. मंडळींनी सह्या गोळा केल्या आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये गावाचे सार्वमत झाले. सुमारे छप्पन्न टक्के मते कौन्सिलच्या ठरावाविरुद्ध पडली. करार थांबला.

थांबला, पण पुढे काय? नाही म्हणणे वेगळे आणि वीज पुरविणे वेगळे. कंपनीचा करार नको असेल तर तारा चालवावयाच्या कोणी? तेव्हा मंडळींनी ठरविले की आपणच चालवू. १९९४ साली त्यांनी शोनाऊची वीज कंपनी स्थापन केली. गावातल्या आणि बाहेरच्या नागरिकांनी तिचे भाग घेतले. तज्ज्ञ गाठले, आराखडे केले, आणि १९९५ च्या अखेरीस कौन्सिलने मक्ता या नव्या कंपनीला देण्याचा ठराव केला.

आता सार्वमताचे हत्यार विरुद्ध पक्षाने उचलले. ते त्यांच्याही हक्काचे होते. त्यांनीही सह्या जमविल्या आणि १० मार्च १९९६ हा दिवस मुक्रर झाला.

विरुद्ध पक्षाच्या म्हणण्याची थट्टा करून चालणार नाही. ते विचारीत होते: डॉक्टर आणि शिक्षिका वीज कशी चालविणार? हिवाळ्यात बर्फाने तारा तुटल्या तर दुरुस्तीला कोण येणार? गावातल्या कारखान्यांना अखंड वीज न मिळाली तर कामगारांच्या पोटाचे काय? कंपनी बुडाली तर भुर्दंड कोणावर? जुनी कंपनी कोणाला आवडो वा न आवडो, तिचा दिवा लागत होता. चालते आहे ते मोडू नये, ही वृत्ती खेड्यातल्या माणसाची असते आणि तिच्यात एक शहाणपणही असते. गाव दुभंगले. एकाच कुटुंबात दोन मते झाली, काहींनी एकमेकांच्या दुकानी जाणे सोडले. नव्या कंपनीच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन प्रत्येक प्रश्नाला समक्ष उत्तर दिले. ज्या घरी दार लावून घेतले जाण्याची भीती, त्या घरीही ते गेले.

मतदान ऐंशी टक्क्यांहून अधिक झाले. नव्या कंपनीच्या बाजूने ५२.४ टक्के मते पडली. गाव लहान असल्यामुळे या फरकाची मते एका सभागृहात बसतील एवढीच. विजय झाला, पण गावाचा जवळजवळ निम्मा भाग विरुद्ध होता, ही गोष्ट विजेत्यांना कधी विसरता आली नाही. आणि मला वाटते, ती विसरता न येणे हेच त्यांच्या पुढच्या यशाचे एक कारण झाले. जिंकल्यानंतरही त्यांना रोज हे सिद्ध करावयाचे होते की दिवा लागतो, बिल बरोबर येते आणि बर्फात तार तुटली तर माणूस येतो.

तरी अजून तारा हाती आल्या नव्हत्या. जुन्या कंपनीने त्यांची किंमत ८७ लाख मार्क मागितली. नव्या कंपनीच्या तज्ज्ञांच्या अंदाजाने ती ४० लाखांच्या आसपास होती. न्यायालयात जावे तर वर्षे जाणार, आणि तोवर तारा जुन्या मालकाकडेच राहणार. तेव्हा मंडळींनी ठरविले की आधी पैसे भरू, तारा ताब्यात घेऊ आणि रकमेचा वाद मागून लढू. पण पैसे आणावयाचे कोठून?

काही भांडवल बोखुम येथील एका सहकारी बँकेच्या साह्याने देशभरच्या लहान गुंतवणूकदारांकडून आले. बाकीच्यासाठी त्यांनी जाहिरात संस्थांना साद घातली, आणि एका संस्थेने मोबदला न घेता मोहीम करून दिली. मोहिमेचे घोषवाक्य एका शब्दाच्या श्लेषावर उभे होते. अणुकेंद्रातील बिघाडाला जर्मनीत ‘श्ट्योरफाल’ म्हणतात. जाहिरातीत साधीसुधी माणसे, म्हातारी, पोरे, गावकरी छायाचित्रातून पाहत असत आणि खाली लिहिलेले असे, ‘मी एक श्ट्योरफाल आहे.’ म्हणजे यंत्राचा बिघाड नव्हे, तर मोठ्यांच्या व्यवस्थेत अडथळा आणणारा मीच! देशभरातून लक्षावधी मार्क देणगीरूपाने येऊ लागले. वर्तमानपत्रांनी प्रकरण उचलले, आणि जुन्या कंपनीने आपली मागणी टप्प्याटप्प्याने ५७ लाखांच्या आसपास खाली आणली. तेवढी रक्कम तक्रार राखून भरण्यात आली आणि १ जुलै १९९७ रोजी शोनाऊच्या तारा शोनाऊकरांच्या कंपनीकडे आल्या. पुढे किंमतीच्या वादात तीही रक्कम जास्तच ठरली आणि तिचा काही भाग परत मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात काय बदलले? दिव्याखाली बसलेल्याला काहीच नाही. तीच तार, तोच दिवा. बदलला तो निर्णयाचा हक्क. दर कसे लावावे, लहान केंद्राच्या विजेला काय भाव द्यावा, नफा कोठे घालावा, हे आता गावात ठरू लागले. छपरांवर सौर पत्रे चढले. टेकडीवरच्या प्रॉटेस्टंट चर्चचे छप्परही त्यातून सुटले नाही. चर्चच्या छपरावर वीज पिकते हे दृश्य पाहण्यास दूरदूरची माणसे येऊ लागली.

१९९८ साली जर्मनीत १९३५ चा तो जुना कायदा गेला आणि कोणत्याही ग्राहकाला कोणत्याही कंपनीची वीज घेण्याची मुभा मिळाली. शोनाऊची कंपनी देशभर वीज विकू लागली. तिचे ग्राहक पुढे दोन लाखांच्या वर गेले. २००९ साली तिला सहकारी संस्थेचे रूप देण्यात आले. सभासद दहा हजारांवर गेले, आणि सहकाराच्या नियमाप्रमाणे भाग कितीही असोत, मत एकच. उर्सुला स्लाडेक यांना २०११ साली गोल्डमन पर्यावरण पारितोषिक मिळाले.

एवढ्यावर थांबलो तर हकीकत गोड होईल, पण पुरी होणार नाही. तीन गोष्टी सांगणे भाग आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. शोनाऊने जी किल्ली वापरली, ती आज तितक्या सहज फिरत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निर्णय दिला की गावाने मक्ता देताना सर्व इच्छुकांना समान वागणूक द्यावी, निकष आधी जाहीर करावेत आणि आपल्याच संस्थेला केवळ ती आपली म्हणून झुकते माप देऊ नये. एका दृष्टीने हे न्याय्यच आहे. वशिलेबाजीला आळा बसतो. दुसऱ्या दृष्टीने गावाच्या स्वराज्याचा संकोच होतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा वाद तेथे चालू आहे.

दुसरी गोष्ट डोंगराची. अणुवीज नको तर दुसरी कोठून आणावयाची? श्वार्त्सवाल्डमध्ये वारा आहे तो शिखरांवर. २०१६ साली शोनाऊच्या कंपनीने शोप्फहाइमजवळ गेर्सबाखच्या डोंगरावर पाच पवनचक्क्या उभारल्या. त्या परिसरात पवनचक्क्यांना विरोधही झाला आहे. डोंगराची शोभा जाते, पाखरांना धोका होतो, जंगल तुटते, असे म्हणणारी माणसेही आपल्या गावावर प्रेम करणारीच आहेत. एके काळी ‘आमच्या गावाचे आम्हांला ठरवू द्या’ असे म्हणणाऱ्या कंपनीला आता तेच वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावे लागते.

तिसरी गोष्ट देशाची. ऱ्हाइनपलीकडचे फ्रान्समधील फेसेनहाइमचे अणुकेंद्र २०२० साली बंद झाले. जर्मनीतील शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी थांबल्या. १९८६ साली या पालकांनी जे मागितले, ते सदतीस वर्षांनी घडले. ते योग्य झाले की कोळसा आधी बंद करावयास हवा होता, याविषयी जर्मनीत जाणत्यांतही दोन मते आहेत. मी येथे त्याचा निवाडा करणार नाही. आजचा आपला विषय अणुशक्ती नाही. विषय हा की अशा प्रश्नावर मत देण्याचा अधिकार कोणाला असावा.

मित्रहो, या हकीकतीतून एक सर्वांना लागू पडणारे सूत्र काढण्याचा मोह मला टाळावयाचा आहे. शोनाऊ सधन देशातले गाव आहे. तेथे शिकलेली माणसे होती, देणग्या देणारा मोठा मध्यमवर्ग होता, स्वतंत्र न्यायालये होती आणि वीस वर्षांची ती खिडकी कायद्यानेच ठेवलेली होती. हे सगळे सगळीकडे नसते.

तरी एक गोष्ट राहतेच. शोनाऊचे बळ तिच्या तारांत नव्हते, तिच्या रस्त्यांत होते. आणि ते बळ तेथे १९८६ च्या आधीही होतेच. रस्ता गावाचा आहे, करार वीस वर्षांचा आहे, कौन्सिलचा ठराव लोकांना फिरविता येतो, या तिन्ही गोष्टी कायद्याच्या पुस्तकात छापलेल्या होत्या. त्या कोणी लपवून ठेवलेल्या नव्हत्या. कोणी वाचल्या नव्हत्या, इतकेच. लहान मुलांच्या दुधाची काळजी लागली, तेव्हा काही आईबापांनी त्या वाचल्या.

ज्या डोंगरउतारांवर शोनाऊची गुरे चरतात, तेथे दर वर्षी कोणीतरी कुंपण दुरुस्त करावे लागते, झुडपे तोडावी लागतात. नाही तर चारदोन वर्षांत कुरणात काटे माजतात आणि अखेर तेथे रान उगवते. गायरान सामायिक असले म्हणजे ते आपोआप राखले जात नाही. राखणारे हात लागतात. स्थानिक स्वराज्याचेही तसेच आहे. कायद्याने ते दिले, तरी दर पिढीला ते राखावे लागते, आणि ते काम बहुधा सभेतल्या मागल्या बाकावर बसून, कंटाळवाणा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच करावे लागते. शोनाऊच्या माणसांनी ते केले.